कर्ज काढण्यापूर्वी

(पालक व विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)





आपल्या चिटणीस साहेबांनी मला 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय दिला होता. मी त्यांना विनंती करून तो बदलून घेतला. महत्त्व पटले नसते तर रिसोड, मानोरा, कारंजा येथून भाडे खर्चून आपण आज येथे आलाच नसता. मुलाने शिकावे हे आता घरोघर ठरलेले आहे. अडते ते त्याच्यापुढे. फी कोठून आणायची, हा प्रश्न मुले निजल्यावर हलक्या आवाजात बोलला जातो आणि घाईत कसा तरी सोडवला जातो. त्या घाईबद्दल मला बोलायचे आहे. माझी एकतीस वर्षे बँकेच्या कर्ज विभागात गेली. वाशीम अकोला जिल्ह्यात होते तेव्हापासून, म्हणजे १ जुलै १९९८ रोजी वेगळा जिल्हा झाला त्याच्या बऱ्याच आधीपासून, मी टेबलाच्या त्या बाजूला बसत आलो. टेबलाच्या या बाजूला मात्र मी त्याआधीच बसून चुकलो होतो.

ती गोष्ट आधी सांगतो. आमचे अब्बा बैलगाडीच्या चाकांना धाव चढवून देत. १९७६ साली मला कॉलेजात नाव घालायचे होते. अब्बांनी अम्मीच्या चांदीच्या पाटल्या एका सावकाराकडे ठेवल्या आणि सातशे रुपये आणले, शेकडा तीनने. दरमहा एकवीस रुपये व्याज. एकवीस रुपये म्हणजे काही मोठी बाब नव्हे, असे सर्वांनाच वाटले. अब्बांच्या इंतकालानंतर त्यांची वही माझ्या हाती आली. तिच्यात तारखा होत्या आणि प्रत्येक तारखेपुढे एकवीसचा आकडा होता. तीन वर्षांत सातशे छप्पन्न रुपये व्याजापोटी गेले होते, आणि मुद्दल होते तसेच सातशे. पुढे आणखी दोन वर्षे त्यांनी व्याज भरले. पाटल्या घरी आल्याच नाहीत. व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेता येत नाही हा दामदुपटीचा नियम तेव्हाही होता. घरात कोणाला तो ठाऊक नव्हता. मला ठाऊक झाला तो बँकेत लागल्यावर.

आता आपल्या जिल्ह्याची अडचण पाहा. जून महिन्यात बी-बियाणे आणि खत यांत हातचा पैसा जातो. सोयाबीन बाजारात येते दसरा-दिवाळीला, तूर त्याच्याही नंतर. आणि कॉलेजचे प्रवेश होतात जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा शेतकऱ्याचा हात अगदी रिकामा असतो. शेतकऱ्याचा हात रिकामा म्हणजे बाजारात बसणाऱ्या बागवानाचा, शिंप्याचा, गाडी दुरुस्त करणाऱ्याचाही रिकामा. कॉलेज म्हणते, परवापर्यंत फी भरा. अशा वेळी जो माणूस संध्याकाळी पैसे देतो तो देवदूतासारखा वाटतो. दर विचारण्याचे भान राहत नाही, आणि विचारला तर तो 'शेकडा पाच' असे सांगतो.

शेकडा पाच हा महिन्याचा दर आहे. वर्षाचा झाला साठ टक्के. एक लाख रुपयांना महिन्याला पाच हजार, आणि वीस महिन्यांत एक लाख व्याज देऊनही मुद्दल जागच्या जागी. बँकेचे दहा-बारा टक्के ऐकून जो कपाळाला हात लावतो तोच पालक 'शेकडा पाच' ऐकून समाधान मानतो, कारण पाच हा आकडा बारापेक्षा लहान आहे. हे मी चेष्टेने म्हणत नाही, शिकलेली माणसेही यात फसलेली मी पाहिली आहेत. म्हणून दर कोणीही सांगो, पहिला प्रश्न हा विचारा: महिन्याचा की वर्षाचा?

सावकारी ही आपल्याकडे बंद नाही, ती परवान्याने चालते. वऱ्हाडात तिच्यासाठी १९३४ सालीच कायदा झाला होता. आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन अधिनियम लागू आहे. परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वर्षाला नऊ टक्के व विनातारण कर्जावर बारा टक्के, आणि इतरांकडून अनुक्रमे पंधरा व अठरा टक्के, एवढेच व्याज घेता येते असे शासनाने त्याच वर्षी ठरवून दिले. दामदुपटीचा नियमही या कायद्यात आहे. ज्याच्याजवळ परवाना नाही त्याने हा धंदा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सावकारीच्या व्यवहारात कोणी जमीन वा घर लिहून घेतले असेल, तर पंधरा वर्षांच्या आतील अशा व्यवहाराची चौकशी करून मालमत्ता परत देवविण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. तक्रार सहकार खात्याच्या त्याच कार्यालयात करायची असते. आपल्यापैकी कोणाच्या घरी असे प्रकरण असेल तर लाजून बसू नका.

आता बँका आणि फायनान्स कंपन्या यांच्याकडे वळू. येथे कायद्याबाहेरचे काही घडत नसेल असे धरून चाला, तरीही आकडे समजून घ्यावे लागतात. एक लाखाचे कर्ज, तीन वर्षे मुदत, बारा टक्के व्याज. दोन ठिकाणी हेच तीन आकडे सांगितले जातात. एका ठिकाणी बारा टक्के सरळ एक लाखावर तीन वर्षे लावतात, याला फ्लॅट दर म्हणतात. व्याज छत्तीस हजार, हप्ता सुमारे ३,७७८ रुपये. दुसऱ्या ठिकाणी जसजसे मुद्दल फिटते तसतसे उरलेल्या रकमेवरच व्याज लागते. तेथे हप्ता सुमारे ३,३२१ रुपये आणि एकूण व्याज साडेएकोणीस हजारांच्या आसपास. फ्लॅट बारा टक्के हे या दुसऱ्या रीतीने मोजले तर सुमारे एकवीस टक्के पडतात. आकडा तोच, भाव निराळा. मोटारसायकल आणि घरातल्या वस्तू हप्त्याने घेताना हा घोळ फार होतो.

दुसरे असे की, एक लाख मंजूर झाले म्हणजे एक लाख हातात आले असे नाही. समजा तीन टक्के प्रक्रिया शुल्क आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ३,५४० रुपये गेले. दोन हजारांचा विमा न विचारता जोडला. हातात आले ९४,४६० रुपये. व्याज मात्र पुऱ्या लाखावर. हे सर्व खर्च धरून कर्जाचा वर्षाचा खरा दर किती पडतो, तो आकडा लेखी मिळण्याचा आता आपल्याला हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी असे कर्ज देण्यापूर्वी ग्राहकाला मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यायचे आहे, आणि तेही ग्राहकाला समजेल अशा भाषेत. त्यात वार्षिक एकूण दर, सगळी शुल्के आणि हप्त्यांचा तक्ता असतो. सात दिवसांहून मोठ्या मुदतीच्या कर्जाला विचार करण्यासाठी निदान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. या तीन दिवसांत तो कागद घरी आणा, आपल्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांना दाखवा. दुसऱ्या बँकेचा तसाच कागद शेजारी ठेवा. 'आजच सही करा, ही स्कीम उद्या बंद' असे जो म्हणेल त्याच्याकडे सही करू नये, असे मी माझ्या नोकरीत असतानाही लोकांना सांगत असे. साहेबांना ते आवडत नसे.

हप्ता लहान असला म्हणजे कर्ज स्वस्त असते, हा आणखी एक समज. दोन लाख रुपये अकरा टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ६,५४८ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ३५,७०० रुपये. तेच सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता ३,४२५ रुपयांवर येतो, आणि व्याज होते सुमारे ८७,७०० रुपये. ज्याला मोठा हप्ता झेपतच नाही त्याने मुदत वाढवावी, त्यात गैर काही नाही. पण सोयाबीन विकल्यावर हाती आलेल्या पैशातून अधिक रक्कम भरून टाकता येईल का, हे आधी विचारून ठेवावे. बदलत्या दराच्या वैयक्तिक कर्जावर, धंद्यासाठी नसेल तर, मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला घेता येत नाही. स्थिर दराच्या कर्जात अट वाचावी लागते. शेतकरी पालकांना येथे एक सूचना. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्र व राज्य यांच्या सवलती मिळून व्याज शून्य पडते. दुसऱ्या कर्जाच्या हप्त्यासाठी पीककर्ज थकवले की ही सवलत हातची जाते. दिवाळीला पैसा आला की आधी त्याचा हिशेब करा.

इथपर्यंत मी कर्जाविषयी बोललो. पण फीच्या बाबतीत कर्ज हा शेवटचा मार्ग आहे, आणि आपण तो पहिला धरतो. मुलींच्या पालकांनी हे नीट ऐकावे. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय केला की, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या आणि ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास प्रवर्गातील मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. पिंजारी, बागवान, तांबोळी अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या इतर मागास वर्गात आहेत. ज्या नाहीत त्या आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढू शकतात. दाखला वेळेवर काढला नाही म्हणून फीसाठी कर्ज काढले, अशी घरे आपल्याच गावात निघतील. जात प्रमाणपत्र, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला ही कामे बारावीच्या निकालानंतर सुरू करायची नसतात, अकरावीतच करायची असतात. उलट काही योजना बंद झाल्या आहेत. परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजासाठी अल्पसंख्याकांना असलेली 'पढो परदेश' योजना केंद्राने २०२२ मध्ये बंद केली, तरी तिच्या नावाने फॉर्म भरून देण्याचे पैसे घेणारे भेटतात.

आणि कर्ज काढावेच लागले, तर शिक्षणासाठी शिक्षणाचेच कर्ज काढा. वैयक्तिक कर्जाचा हप्ता दुसऱ्याच महिन्यापासून सुरू होतो. शैक्षणिक कर्जाची परतफेड अभ्यासक्रम संपून साधारण वर्षभराने सुरू होते. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी केंद्राची हमी योजना आहे. बँकेने नकार दिला तर तो लेखी मागा. तोंडी नकार ऐकून परत गेलेले पालक मी फार पाहिले, आणि खरे सांगायचे तर त्यांतल्या काहींना परत पाठवणाऱ्यांत आरंभीच्या काळात मीही होतो.

मात्र परतफेड थांबली म्हणजे व्याज थांबले असे समजू नका. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला दरवर्षी एक लाख घेतले, व्याज दहा टक्के, सरळ. पहिल्या लाखावर पाच वर्षे, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन, असे मोजले तर पहिला हप्ता येण्याआधीच व्याज झाले एक लाख चाळीस हजार. चार लाख घेतले होते, फेडायला पाच लाख चाळीस हजार उभे. याच रकमेसाठी केंद्राची २००९ पासूनची व्याज अनुदान योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक वा व्यावसायिक शिक्षण चालू असेल, तर या काळातले व्याज सरकार भरते. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला बँकेत द्यावा लागतो आणि बँकेने दावा केला की नाही हे विचारत राहावे लागते. देशातील निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळाला तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाख उत्पन्नापर्यंत तीन टक्के सवलत आहे. अल्पसंख्याकांसाठी सन २००० मध्ये स्थापन झालेले मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज वर्षाला तीन टक्क्यांनी देते. बाजारात याहून स्वस्त दर आपल्याला मिळणार नाही. निधी मर्यादित असतो, म्हणून अर्ज लवकर करावा. रकमेची मर्यादा आणि उत्पन्नाच्या अटी वेळोवेळी बदलतात, त्या महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातच विचाराव्यात, कोणा मध्यस्थाला नव्हे.

आता नाजूक मुद्दा. मंगरूळपीरचे एक जुने परिचित मला म्हणाले, "साहेब, आम्ही बँकेत जात नाही, ते व्याज आहे." मी मुफ्ती नाही, फतवा देण्याचा माझा अधिकार नाही, आणि ज्याला व्याजापासून दूर राहायचे आहे त्याच्या निश्चयाचा मी आदरच करतो. ज्यांनी फी भरण्यासाठी घरातला तुकडा विकला पण व्याज दिले नाही, अशी माणसे मला माहीत आहेत. पण या माझ्या परिचितांनी पुढच्याच महिन्यात मुलाच्या फीसाठी शेकडा चारने पैसे उचलले. बँकेचे व्याज म्हणून टाळले आणि अठ्ठेचाळीस टक्क्यांचे घरी आणले. व्याज टाळायचे असेल तर ते सगळीकडेच टाळावे, आणि त्यासाठी समाजाने सोय उभी केली पाहिजे. देवबंद येथे १९६१ मध्ये मुस्लिम फंड सुरू झाला, लोकांच्या लहान लहान ठेवींतून दागिन्यांच्या तारणावर बिनव्याजी कर्ज देण्यासाठी. तसा फंड चालवायला विश्वासू माणसे आणि चोख हिशेब लागतो. आपल्या संस्थेला मोठा फंड झेपणार नाही कदाचित, पण जुलै ते नोव्हेंबर एवढ्या चार महिन्यांपुरती फी भरून देणारी आणि दिवाळीला परत घेणारी लहान रक्कम बाजूला ठेवता येईल काय, हे पदाधिकाऱ्यांनी पाहावे. ही मागणी मी व्यासपीठावरूनच करीत आहे, म्हणजे ती इतिवृत्तात येईल.

नातेवाइकांकडून कर्ज-ए-हसना घेतले तरी कागद करा. सूरह बकराहमधली दोनशे ब्याऐंशीवी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत, आणि ती मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याबद्दल व साक्षीदारांबद्दल आहे. तरीही आपल्यात भाऊ भावाला कागद मागताना संकोचतो, आणि पाच वर्षांनी दोघे एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत.

जामीन राहण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मित्राला 'नाही' म्हणता येत नाही म्हणून सही करणारे आपल्यात खूप आहेत. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. कर्जदाराने थकवले की त्याची नोंद जामीनदाराच्याही नावावर चढते. पुढे स्वतःच्या मुलीच्या शैक्षणिक कर्जात वडील सहकर्जदार म्हणून लागतात तेव्हा बँक हीच नोंद पाहते. मोबाईलचा राहिलेला हप्ता, विसरलेले मोटारसायकलचे कर्ज, हे सगळे तेथे निघते. पतगुण ३०० ते ९०० यांच्यात असतात, आणि सिबिलसारख्या पतमाहिती कंपनीकडून आपला अहवाल वर्षातून एकदा फुकट मागवता येतो. प्रवेशाच्या आधीच्या हिवाळ्यात तो मागवून चुका दुरुस्त करून घ्या.

शेवटी विद्यार्थ्यांसाठी. वसतिगृहात राहणाऱ्या मुलांना मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स भेटतात. पाच हजार मंजूर, हातात साडेतीन हजार, सात दिवसांनी पाच हजार परत, आणि उशीर झाला की तुमच्या मामांना, काकांना, प्राचार्यांना फोन. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कर्जाच्या ॲपला तुमची फोनयादी वा फोटो उघडण्याची परवानगी मागता येत नाही. जे मागते ते तिथेच बंद करा. वसुलीचा माणूस सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू शकत नाही. धमकी आली तर १९३० या क्रमांकावर सायबर तक्रार करा. बँकेची वा नोंदणीकृत फायनान्स कंपनीची तक्रार असेल तर प्रथम त्यांच्याकडे लेखी द्या, आणि दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याविषयी १४४४८ वर विचारता येते. आणि त्याआधी घरी सांगा. अब्बा रागावतील या भीतीने पाच हजारांचे पन्नास हजार करून घेतलेला मुलगा माझ्याच नात्यातला आहे.

भाषण संपल्यावर मागच्या रांगेतील एका बहिणीने विचारले की, "मुलीची फी भरण्याची तारीख पाच दिवसांवर आहे, बँक पंधरा दिवस लावते, मधल्या दहा दिवसांचे काय?" प्रश्न अगदी खरा होता. मी त्यांना सांगितले ते येथेही लिहून ठेवतो. प्रवेशपत्र आणि कॉलेजच्या लेटरहेडवरील फीचा तपशील घेऊन दुसऱ्याच दिवशी बँकेत अर्ज द्यावा आणि पोहोच घ्यावी. ती पोहोच अर्जासोबत जोडून कॉलेजकडे मुदत वा हप्ते मागावेत. पुष्कळ कॉलेजे देतात, मागणारे थोडे असतात. तेही न जमल्यास नात्यातून दहा दिवसांचे पैसे कागद करून घ्यावेत, आणि बँकेला आधीच विचारावे की भरलेल्या फीची पावती दाखवल्यावर ती रक्कम आपल्याला परत मिळेल का. त्या बहिणीने हे सर्व शाळेच्या वहीच्या पाठीमागे उतरवून घेतले. उत्पन्नाचा दाखला अजून काढलेला नव्हता. तहसील कार्यालय सोमवारी उघडणार होते.